मधुमेहाच्या गोळ्या आणि बीटा पेशी: कोण दमवतं, कोण विसावा देतं

मधुमेहाची गोळी सुरू करायची वेळ आली की एक शंका हमखास निघते. "या गोळ्या स्वादुपिंडाला पिळून काढतात म्हणे. आज साखर उतरेल, पण पुढे स्वादुपिंडच निकामी होईल, त्याचं काय?" ही शंका खुळी नाही. या विषयातल्या संशोधकांनीही ती कित्येक दशकं गांभीर्याने तपासली आहे आणि तिच्यात थोडं तथ्यही सापडलं आहे. अडचण वेगळीच आहे. "मधुमेहाची गोळी" नावाचं एकच औषध नाही. आज वापरात असलेल्या औषधांच्या अर्धा डझनाहून जास्त जाती आहेत आणि इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींशी प्रत्येकीचं वागणं वेगळं आहे. काही त्यांना कामाला जुंपतात, काही त्यांच्यावरचा भार उतरवतात, काही गरज असेल तेवढ्यापुरताच हात देतात. सगळ्यांना एकाच तागडीत घातलं की भीती भलतीकडेच जाते, माणूस घाबरून गोळी सोडून देतो आणि साखर चढीच राहते. बीटा पेशींचं खरं नुकसान तिथे होतं. ते कसं, हे नीट कळायला हवं.

स्वादुपिंड हा जठराच्या मागे आडवा पडलेला अवयव. त्याचा बहुतेक भाग पाचकरस बनवतो. त्यातच पेशींचे अगदी बारीक पुंजके विखुरलेले असतात. १८६९ साली पाउल लँगरहान्स या जर्मन वैद्यकीय विद्यार्थ्याने त्यांचं पहिल्यांदा वर्णन केलं, म्हणून त्यांना लँगरहान्सची बेटं म्हणतात. अशी बेटं सुमारे दहा लाख असतात, पण सगळी एकत्र केली तरी स्वादुपिंडाच्या जेमतेम एक-दोन टक्के भरतील. या बेटांतल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात. शेजारच्या अल्फा पेशी ग्लुकॅगॉन बनवतात. ते यकृताला साखर सोडायला लावतं, म्हणजे इन्सुलिनच्या बरोबर उलट काम.

बीटा पेशीला रक्तातली साखर वाढल्याचं कळतं कसं, हे एकदा बारकाईने पाहू, कारण पुढची बरीचशी औषधं याच साखळीत कुठे ना कुठे हात घालतात. जेवणानंतर रक्तातलं ग्लुकोज वाढतं आणि बीटा पेशीत शिरतं. पेशी ते जाळते, त्यातून ऊर्जा तयार होते आणि ऊर्जा वाहून नेणाऱ्या एटीपी या रेणूचं प्रमाण वाढतं. पेशीच्या आवरणात पोटॅशियम बाहेर जाण्यासाठी वाहिन्या असतात. एटीपी वाढलं की त्या बंद होतात. पोटॅशियम आत अडकतं, आवरणावरचा विद्युतभार बदलतो आणि त्या बदलाने कॅल्शियमच्या वाहिन्या उघडतात. कॅल्शियम आत आलं की इन्सुलिनने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या आवरणाला चिकटतात आणि रक्तात रिकाम्या होतात. आवरणाशी तयार असलेल्या पिशव्या पहिल्या काही मिनिटांतच सुटतात. मग संथ, लांबलेला दुसरा टप्पा येतो. टाइप २ मधुमेहात हा झटपट येणारा पहिला टप्पा फार लवकर हरवतो. म्हणूनच अनेकांची उपाशीपोटीची साखर अजून ठीक असते, पण जेवणानंतरची वर जाते.

आता औषधांकडे येऊ. "स्वादुपिंड पिळणाऱ्या गोळ्या" असा आरोप ज्यांच्यावर आहे त्या म्हणजे सल्फोनिलयुरिया गटाच्या: ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिमेपिराइड. त्यांचा शोध लागला तो टायफॉइडच्या रुग्णांवर उपचार करताना. १९४२ साली फ्रान्समधल्या माँपेलिए इथे मार्सेल जाँबाँ हे डॉक्टर टायफॉइडच्या रुग्णांना एक नवं सल्फा औषध देत होते. काही रुग्णांची साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली गेली, काही दगावलेही. त्यांचे सहकारी ऑग्युस्त लुबातिएर यांनी तेच औषध कुत्र्यांना दिलं. स्वादुपिंड शाबूत असलेल्या कुत्र्यांची साखर उतरली. ज्यांचं स्वादुपिंड काढून टाकलेलं होतं त्यांच्यावर काहीच परिणाम झाला नाही. म्हणजे औषध साखरेवर थेट काम करत नव्हतं, ते स्वादुपिंडाकरवी काम करून घेत होतं.

कसं, ते पुढे उलगडलं. वर सांगितलेली पोटॅशियमची वाहिनी ही गोळी स्वतःच बंद करते. साखर वाढण्याची, एटीपी तयार होण्याची वाट ती पाहत नाही. पुढचं सगळं मग आपोआप घडतं: कॅल्शियम आत, इन्सुलिन बाहेर. यातच या गोळीचं बळही आहे आणि धोकाही. साखर ९० असो की २९०, वाहिनी बंद म्हणजे बंद. म्हणून गोळी घेऊन जेवण चुकलं तर साखर घसरते, घाम सुटतो, हातपाय थरथरतात. वयस्कर माणसांत आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्यांत हा धोका जास्त, विशेषतः ग्लिबेनक्लामाइडचा. रेपाग्लिनाइडसारख्या ग्लिनाइड गटातल्या गोळ्याही हीच वाहिनी बंद करतात, पण त्यांचा अंमल थोडा वेळच टिकतो.

म्हणूनच या गोळ्या म्हणजे दमलेल्या बैलाला पराणी टोचत राहणं, असं म्हटलं जातं. आरोपाच्या बाजूने पुरावा आहे. प्रयोगशाळेत मानवी बेटांवर ग्लिबेनक्लामाइड सोडलं तेव्हा काही बीटा पेशी मरताना दिसल्या. त्याहून वजनदार पुरावा २००६ साली आला. अॅडॉप्ट या मोठ्या चाचणीत नव्याने निदान झालेल्या चार हजारांहून जास्त रुग्णांना तीनपैकी एकच औषध दिलं आणि ते एकटं किती काळ पुरतं हे पाहिलं. पाच वर्षांत रोसिग्लिटाझोन (शरीराची इन्सुलिनला दाद वाढवणारं औषध) १५ टक्के रुग्णांना अपुरं पडलं, मेटफॉर्मिन २१ टक्के, तर ग्लिबेनक्लामाइड ३४ टक्के रुग्णांना. फरक उघड आहे.

पण एवढ्यावर निकाल देता येत नाही. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या प्रदीर्घ अभ्यासाचे मुख्य निष्कर्ष १९९८ साली आले. त्यात दिसलं की निदान होतं तेव्हाच बीटा पेशींची सुमारे निम्मी क्षमता गेलेली असते आणि पुढेही ती उतरतच जाते. फक्त पथ्य पाळणाऱ्यांची उतरली, मेटफॉर्मिनवाल्यांची उतरली, सल्फोनिलयुरियावाल्यांचीही उतरली. सल्फोनिलयुरियाने पहिल्या वर्षी थोडी उचल दिली, मग तीही त्याच उताराला लागली. गोळी न घेणाऱ्यांच्या पेशीही दमतच होत्या, तर मग सगळा दोष गोळीवर कसा टाकायचा?

मृत्यूनंतर तपासलेल्या स्वादुपिंडांवरचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला, तो तर मला यातला सगळ्यात बोलका वाटतो. लठ्ठ आणि मधुमेही माणसांत बीटा पेशींचं प्रमाण त्याच अंगकाठीच्या निरोगी माणसांपेक्षा ६३ टक्क्यांनी कमी होतं. आणि ज्यांना अजून मधुमेह म्हणण्याइतकी साखर झाली नव्हती, फक्त उपाशीपोटीची साखर थोडी चढी होती, त्यांच्यात ते ४० टक्क्यांनी कमी होतं. म्हणजे मधुमेहाची पायरी ओलांडायच्या आधीच एवढं नुकसान होऊन गेलेलं होतं.

याच सल्फोनिलयुरिया गोळीची दुसरी बाजू तान्ह्या मुलांमध्ये दिसते. जन्मानंतर पहिल्या सहा महिन्यांत होणारा एक दुर्मीळ मधुमेह आहे. त्यात बऱ्याच बाळांची हीच पोटॅशियमची वाहिनी जनुकातल्या दोषामुळे बंदच होत नाही. बीटा पेशी आहेत, इन्सुलिन आहे, पण ते बाहेर पडायचा इशाराच मिळत नाही. पूर्वी या मुलांना टाइप १ (ज्यात बीटा पेशीच मारल्या जातात तो मधुमेह) समजून जन्मभर इन्सुलिनची इंजेक्शनं देत. २००४ साली इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या संशोधकांनी यातला जनुकीय दोष ओळखला. २००६ साली अशा ४९ रुग्णांना सल्फोनिलयुरिया देऊन पाहिलं; त्यांतल्या ४४ जणांचं इन्सुलिन पूर्ण बंद करता आलं. दहा वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हाही बहुतेकांची साखर त्याच गोळीवर ताब्यात होती. ही गोळी बीटा पेशींना हटकून मारणारी असती, तर या मुलांच्या पेशी कधीच संपल्या असत्या. टाइप २ मधुमेहाची पेशी आधीच अनेक बाजूंनी त्रासलेली असते, त्यामुळे ही तुलना तंतोतंत लागू होत नाही हे खरं. पण "गोळी घेतली की स्वादुपिंड गेलं" हे विधान इथे टिकत नाही.

मग बीटा पेशींना खरा त्रास कशाचा? पहिला म्हणजे सतत चढ्या साखरेचा. पेशी रात्रंदिवस ग्लुकोज जाळत राहते, त्यातून हानिकारक ऑक्सिजनयुक्त रेणू तयार होतात, आणि त्यांना निष्प्रभ करणारी यंत्रणा बीटा पेशींमध्ये इतर पेशींच्या मानाने कमजोर असते. इन्सुलिनचं जनुकच हळूहळू मंदावतं. त्यात रक्तातल्या मेदाम्लांची भर पडते. इन्सुलिनबरोबर अमायलिन नावाचं एक प्रथिनही पेशी सोडते. त्याचे थर बेटांमध्ये साचतात. आणि शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याने त्याच पेशींकडून दुप्पट-तिप्पट कामाची मागणी होत राहते.

यातली दिलासा देणारी गोष्ट अशी की मंदावलेली प्रत्येक पेशी मेलेली नसते. २०१२ साली उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की ताणाखालच्या बऱ्याच बीटा पेशी जिवंत राहतात, पण आपली ओळख विसरतात. इन्सुलिन बनवणं सोडून देतात आणि अपरिपक्व अवस्थेकडे परततात. माणसांच्या बेटांतही तशा खुणा सापडल्या आहेत. मृत पेशी परत येत नाही, पण गप्प झालेली पेशी योग्य वेळी ताण उतरला तर पुन्हा कामाला लागू शकते.

याचा रुग्णांमधला पुरावा चीनमधून आला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नुकतंच निदान झालेल्या ३८२ रुग्णांचे तीन गट केले: इन्सुलिनचा पंप, दिवसातून अनेक वेळा इन्सुलिनची इंजेक्शनं आणि गोळ्या. साखर सामान्य झाली की ती दोन आठवडे तशीच ठेवायची आणि मग सगळं औषध बंद करून फक्त आहार-व्यायामावर ठेवायचं. वर्षभरानंतर पंपवाल्या गटातल्या ५१ टक्के, इंजेक्शनवाल्या ४५ टक्के आणि गोळ्यांच्या गटातल्या २७ टक्के रुग्णांची साखर औषधाविना ताब्यात होती, आणि इन्सुलिन मिळालेल्यांमध्ये इन्सुलिन सुटण्याचा तो हरवलेला पहिला टप्पाही जास्त चांगला टिकून होता. बाहेरून इन्सुलिन दिल्याने स्वतःच्या पेशींना काही काळ उसंत मिळाली. "इन्सुलिन सुरू झालं म्हणजे सगळं संपलं" असं ज्यांना वाटतं त्यांनी हे आकडे जरूर पाहावेत. अगदी सुरुवातीला, थोड्या काळासाठी दिलेलं इन्सुलिन हे बीटा पेशींच्या बाजूचं औषध असू शकतं. २०१७ साली ब्रिटनमधल्या डायरेक्ट चाचणीत तर निव्वळ वजन उतरवून हेच साधलं: पहिल्या वर्षाअखेर ४६ टक्के रुग्ण औषधाविना मधुमेहाच्या पातळीखाली होते, दुसऱ्या वर्षाअखेर ३६ टक्के. सगळ्यांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता, ही बाब महत्त्वाची.

भार उतरवणाऱ्या गोळ्यांमध्ये पहिली मेटफॉर्मिन. तिचं मुख्य काम यकृतात: यकृत रक्तात जी साखर सोडतं ती कमी करणं. बीटा पेशीला ती टोचत नाही, म्हणून एकटी घेतली तर साखर सहसा फार खाली जात नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या मूत्रपिंडातून साखर लघवीवाटे बाहेर सोडतात. बीटा पेशीशी त्यांचा थेट संबंध नाही, पण चढी साखर उतरली की पेशीचा प्रतिसाद सुधारतो, हे त्यांच्यामुळे स्पष्ट दिसलं. पायोग्लिटाझोन चरबी यकृतातून आणि इतर अवयवांतून काढून त्वचेखाली साठवायला लावतं, शरीर इन्सुलिनला दाद देऊ लागतं आणि मागणी घटते. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांमध्ये त्याने मधुमेह होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटवल्याचं २०११ च्या एका चाचणीत दिसलं. वजन वाढणं, अंगावर सूज, हृदय कमजोर असेल तर ते आणखी बिघडणं आणि हाडं मोडण्याचा वाढलेला धोका यामुळे ते सरसकट दिलं जात नाही.

आता सध्या सगळ्यात जास्त चर्चेत असलेला गट. ग्लुकोज शिरेतून दिलं तर जितकं इन्सुलिन सुटतं, त्यापेक्षा तेच ग्लुकोज तोंडावाटे घेतलं की बरंच जास्त सुटतं. कारण आतडं जीएलपी-१ आणि जीआयपी ही संप्रेरकं सोडून बीटा पेशीला आगाऊ कळवतं. यांची खुबी अशी की पोटॅशियमची वाहिनी ती सल्फोनिलयुरियासारखी जबरदस्तीने बंद करत नाहीत. साखर वाढून कॅल्शियम आत येऊ लागलं असेल तरच ती त्या इशाऱ्याला जोर देतात. साखर सामान्य झाली की त्यांचा जोरही ओसरतो. म्हणून या संप्रेरकांवर आधारलेली औषधं एकटी वापरली तर साखर घसरण्याचा धोका कमी.

नैसर्गिक जीएलपी-१ रक्तात दोनेक मिनिटंच टिकतं. डीपीपी-४ नावाचं विकर (एन्झाइम) ते तोडून टाकतं. सिटाग्लिप्टिनसारख्या ग्लिप्टिन गोळ्या या विकराला अडवतात. दुसरा मार्ग म्हणजे न तुटणारं औषध देणं. गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत असा रेणू सापडला आणि त्यावरून बनलेलं एक्झेनाटाइड २००५ मध्ये वापरात आलं. लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड हे पुढचे. टिरझेपाटाइड जीआयपी आणि जीएलपी-१ दोन्हींचं काम करतं.

यांच्याबद्दल "बीटा पेशी पुन्हा वाढवणारं औषध" असा गाजावाजा वारंवार होतो, आणि इथे मला ठामपणे सांगावंसं वाटतं: माणसांमध्ये हे सिद्ध झालेलं नाही. कोवळ्या उंदरांच्या बीटा पेशी या औषधांनी खरोखर वाढतात. पण प्रौढ माणसाच्या बीटा पेशी तिशीनंतर जवळजवळ विभागतच नाहीत. अमेरिकेतल्या राइज अभ्यासात प्रौढांना वर्षभर लिराग्लुटाइड आणि मेटफॉर्मिन दिलं. औषध चालू असताना बीटा पेशींचं काम छान सुधारलं; औषध थांबवून तीन महिन्यांनी पाहिलं तर तो फायदा टिकलेला नव्हता. पेशी औषधाच्या आधाराने नीट चालत होत्या, त्या नव्याने उगवल्या नव्हत्या. आधार मिळणं हीही मोठी गोष्ट आहे, पण ते दुरुस्ती म्हणून विकलं जाऊ नये. पेशी विभागायला लावणाऱ्या हार्मिन या रेणूने २०२४ मध्ये उंदरांत रोपण केलेल्या मानवी बीटा पेशी कित्येक पटींनी वाढल्या, त्याही जीएलपी-१ गटातल्या औषधाच्या जोडीने. हे काम आशेचं आहे, पण अजून प्रयोगशाळेतलंच.

एक वेगळी सावधगिरी. काही औषधं मधुमेहाची नसतात, पण बीटा पेशींना अडवतात. प्रेडनिसोलोनसारखी स्टिरॉइडं एकीकडे शरीराची इन्सुलिनला दाद कमी करतात आणि दुसरीकडे बीटा पेशीचा प्रतिसादही दाबतात. अवयव रोपणानंतर दिलं जाणारं टॅक्रोलिमस इन्सुलिनचा स्राव कमी करतं. ही औषधं जीव वाचवण्यासाठी दिलेली असतात, ती सोडायची नसतात. फक्त ती चालू असताना साखर मोजत राहावी.

टाइप १ मधुमेहाची गोष्ट निराळी. तिथे रोगप्रतिकारक यंत्रणाच बीटा पेशींना मारते, त्यामुळे पेशींना टोचणारी किंवा विसावा देणारी गोळी मूळ हल्ला थांबवू शकत नाही. तो हल्ला लांबवणारं पहिलं औषध, टेप्लिझुमॅब, अमेरिकेत २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झालं. लक्षणं सुरू व्हायच्या आधी दिल्यास ते आजार सरासरी दोनेक वर्षं पुढे ढकलतं. काही प्रौढांमध्ये हाच आजार संथपणे येतो आणि टाइप २ समजला जातो. अशा माणसाला सल्फोनिलयुरिया देत राहणं योग्य नाही, त्याला वेळेत इन्सुलिन हवं.

आपल्या बीटा पेशींचं काम किती उरलं आहे, याचा अंदाज सी-पेप्टाइड या रक्तचाचणीतून येतो. बीटा पेशी आधी एक लांब साखळी बनवते आणि तिचे तुकडे करून इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड सारख्याच संख्येने सोडते. इंजेक्शनच्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसतं, म्हणून इन्सुलिन घेणाऱ्या माणसातही स्वतःचं इन्सुलिन किती बनतंय ते यातून कळतं. हा आकडा त्याच वेळच्या रक्तशर्करेच्या सोबतच वाचायचा असतो. साखर कमी असताना तो साहजिकच कमी येतो, आणि मूत्रपिंड बिघडलेलं असेल तर तो फसवा वाढलेला दिसतो. निदानाच्या वेळी साखर चारशे-पाचशेवर असेल तर पेशी त्या साखरेनेच गप्प झालेल्या असतात आणि सी-पेप्टाइड अगदी कमी येऊ शकतं. काही आठवडे साखर ताब्यात ठेवून तीच चाचणी पुन्हा केली, की टाइप २ च्या बऱ्याच रुग्णांमध्ये ते वाढलेलं दिसतं, आणि पुढचं औषध त्या दुसऱ्या आकड्यावरून ठरवणं जास्त बरोबर असतं.